सोमवारचा काटा

चाळीसातल्या बहुतेक लेकरांची वजनं रेघेला टेकायला येतात आणि नेमकी तिथेच थबकतात, हे कालिंदीच्या ध्यानात आलं तेव्हा २००५चा जानेवारी संपत आला होता.

तिने आलेखाचा कागद टेबलावर पुन्हा पसरला. जुलैपासून प्रत्येक लेकराची एक निळी रेघ होती. पहिले तीन महिने सगळ्या रेघा भराभर वर चढल्या होत्या. मग ठरवलेल्या वजनाच्या लाल रेघेच्या दोन-तीनशे ग्रॅम खाली येऊन त्या आडव्या झाल्या होत्या. एखाद्या लेकराचं असं झालं असतं तर तिने आजारपण म्हटलं असतं. पण चाळीसपैकी एकतीस? जिवंत शरीरं इतक्या शिस्तीत वागत नाहीत, एवढं तिला बी.एस्सी.च्या तीन वर्षांनी शिकवलं होतं. जंत असतील म्हणून तिने उपकेंद्रातून गोळ्या आणून सगळ्यांना दिल्या. रेघा हलल्या नाहीत.

शाळा जिल्हा परिषदेची, गोरेगावच्या पुढे तीन किलोमीटरवर. सातवीपर्यंतचे वर्ग, पटावर एकशे बत्तीस. कालिंदी रोज हिंगोलीहून सकाळच्या जीपने गोरेगावला उतरायची आणि पुढे चालत यायची. ती विज्ञान शिकवायला आली होती. पहिल्याच वर्षी तिने पाहिलं, की साडेदहाच्या प्रार्थनेला रोज दोन-तीन लेकरं मटकन खाली बसतात. ऊन नसलं तरी बसतात. आदल्या रात्रीच्या भाकरीनंतर त्यांच्या पोटात काही गेलेलं नसायचं. आईबाप अंधारात कामावर निघून जायचे आणि सरकारची खिचडी मिळायची दुपारी दीडला. रात्री आठ ते दुपारी दीड म्हणजे साडेसतरा तास. हा आकडा तिने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तीच वही घेऊन ती हिंगोलीतल्या एका देवस्थानाच्या विष्णुपंतांकडे गेली. विष्णुपंत देवस्थानाचं धान्य सांभाळायचे. त्यांनी वही चष्मा वर करून वाचली, चष्मा खाली करून वाचली.

"चाळीस लेकरांपुरते हरभरे आणि गूळ देऊ," ते म्हणाले. "त्याहून जास्त नाही जमायचं. कोणती चाळीस, ते तुम्ही ठरवा. फक्त सरपंचाचे भाचे नकोत."

कालिंदीला हेच हवं होतं. वशिला नको, जात नको, रडारड नको. फक्त वय आणि वजन. प्रत्येक वयाला तिने एक आकडा ठरवला. सात वर्षांच्या मुलीला सतरा किलो. त्याच्या खाली जे असेल त्याला सकाळी दहाला वाटीभर घुगऱ्या आणि गुळाचा खडा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, प्रार्थनेच्या आधी, रिकाम्या पोटी वजन. जो रेघेच्या वर गेला त्याचं नाव काढायचं आणि खालच्या कुणाला तरी त्याची जागा द्यायची. काटाही तिनेच मिळवला. जुना, दांडीचा, सरकत्या वजनाचा, पण शंभर ग्रॅमपर्यंत बिनचूक. लेकरू फळीवर उभं राहिलं की ती सरकतं वजन त्याच्या आकड्यावर आणून ठेवायची. दांडी पडून राहिली तर नाव राहिलं. दांडी वर उचलली तर नाव गेलं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं, अशी सोय. आया आणि आज्या व्हरांड्याच्या कडेला उभ्या राहून दांडीकडे टक लावून बघायच्या. कालिंदीला ते बघणं आवडायचं. तिला वाटायचं, पालकांना गोडी लागली.

फेब्रुवारीच्या चार तारखेला, शुक्रवारी, काटाच बिघडलाय का या शंकेचा निकाल लावायचं तिने ठरवलं. गावातल्या भिवाजीच्या दुकानातून तिने पाच-पाच किलोची तीन मापं मागितली.

"मापं खरी आहेत ना, भिवाजी?"

"एकदम बराबर हायेत, मॅडम. खोटी दुसऱ्या खणात ठेवतो," भिवाजी म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला. मापं त्याने स्वतःच सायकलवर घालून शाळेत आणून दिली.

पंधरा किलो फळीवर ठेवले. दांडी पंधरावर येऊन तरंगत थांबली. तिने दहा ठेवले, पाच ठेवले. काटा निर्दोष होता.

दहाला पाच मिनिटं कमी होती. घुगऱ्यांसाठी लेकरं वाटी घेऊन जमायला लागली होती. सगळ्यांत पुढे दुसरीतली साक्षी उभी होती. तेलाने चप्प बसवलेले केस, आणि वरचे दोन दात पडलेले. कालिंदीने तिला सहज उचलून फळीवर ठेवलं. सरकतं वजन सतरावरच होतं. दांडी टक्‌कन वर जाऊन आदळली.

कालिंदीने वजन पुढे सरकवलं. सतरा किलो पाचशे. जानेवारीच्या सोमवारी हीच पोरगी सोळा किलो सातशे भरली होती, आणि डिसेंबरातही तेवढीच.

"मॅडम!" साक्षी फळीवरून उडी मारून खाली आली. तिच्या हातातली वाटी पडून गरगरत व्हरांड्याच्या टोकाला गेली. "आज सोमवार न्हाई! आज काटा न्हाई ना, मॅडम?"

"अगं, मी नुसतं बघतेय."

"आजीला सांगू नका."

"चांगलं वजन भरलंय की. त्यात काय सांगू नका?"

साक्षी व्हरांड्याच्या टोकाला धावली. वाटी उचलून ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. भुकेलं लेकरू रांग सोडून मागे जात नाही, हे कालिंदीला माहीत होतं. पण त्या क्षणी तिचं डोकं आकड्यात होतं. तिने आणखी दहा जणांना बोलावलं. तिघं मागच्या मागे पळाली. उरलेल्या सात जणांपैकी सहा रेघेच्या वर होती.

तिने मनाशी दोन शक्यता मांडल्या. एक, या महिन्यात सगळ्यांनी एकदम उचल घेतली. दुसरी तिला सुचत नव्हती. सोमवारी महिन्याचं वजन होतंच. तेव्हा खरं काय ते दिसेल, असं म्हणून तिने वही मिटली.

शनिवारी सकाळच्या शाळेला साक्षी आली नाही. तिची थोरली बहीण सपना पाचवीत होती. यादीत तिचं नाव कधीच नव्हतं, कारण ती रेघेच्या जेमतेम वर होती.

"साक्षीचं पोट बिघडलंय, मॅडम. रात्रीपासून चालूच हाय."

कालिंदीने कपाटातून जलसंजीवनीची दोन पाकिटं काढून तिच्या हातात दिली. "एक तांब्याभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पाकीट. दर वेळी परसाकडे जाऊन आली की वाटीभर पाजायचं. काय सांगितलं?"

सपनाने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. पाकिटं दप्तरात न ठेवता तिने ती मुठीत धरली आणि गेली.

दुपारच्या जीपमध्ये कालिंदीला खिडकीची जागा मिळाली. सेनगावच्या फाट्यापर्यंत ती सोमवारचा तक्ता आखत होती. फाट्यावर जीप थांबली, टपावर कापसाची गाठोडी चढवायला लागले, आणि तिच्या हातातली पेन्सिल आपोआप थांबली. 'आजीला सांगू नका.' लेकरं मार्क कमी पडले की असं म्हणतात. जास्त पडले की नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला ती गावात शिरली. रविवारी ती कधी आली नव्हती. बौद्धवाड्यातली गल्ली सारवलेली, स्वच्छ, दारादारांत फुलझाडांच्या कुंड्या आणि धुतलेली भांडी उन्हाला पालथी घातलेली. सगळं नीट होतं, तरी काहीतरी चुकत होतं. दहा पावलं चालून गेल्यावर तिला कळलं. रविवारची सकाळ, आणि गल्लीत एकही पोरगं पळत नव्हतं. भिंतींच्या सावलीला लेकरं बसली होती. दोन-तीन जण गोधडीच्या तुकड्यावर पडून होती. त्यांनी तिला ओळखलं. एरवी 'मॅडम आल्या, मॅडम आल्या' म्हणत अंगावर धावणारी ती लेकरं नुसती बघत राहिली. सगळी तिच्या यादीतली होती.

साक्षीच्या घराच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून सपना उकिडवी बसली होती. हातात भाकरी आणि ठेचा.

"इथे का गं बसलीस?"

सपना दचकली. घास तोंडातच राहिला. "साक्षीला दिसू नये म्हून," ती म्हणाली.

घरात साक्षीची आजी रुक्माबाई सुपात तूर पाखडत होती. तिचा मुलगा भीमराज आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती, ती होळीपर्यंत येणार नव्हती. तोवर दोन्ही नाती तिच्याकडे. आठवडाभर ती दुसऱ्यांच्या रानात जायची आणि रविवारी घरचं काम उरकायची.

"जय भीम, मॅडम. या, या. आज ऐतवारी कसं काय?"

"जय भीम. साक्षी कुठे आहे?"

रुक्माबाईने सुपानेच कोपरा दाखवला. साक्षी पोतं अंथरून पडली होती. डोळे खोल गेले होते, ओठांवर पांढरी साल आली होती. कालिंदी खाली बसली. पोटावरची कातडी दोन बोटांत धरून तिने सोडली. कातडी तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू खाली बसली. वर फळीवर, आरशाजवळ, जलसंजीवनीची दोन्ही पाकिटं होती. न फोडलेली.

"रुक्माबाई, ही पाकिटं दिली नाहीत?"

"सोमवारी देते की."

"सोमवारी?"

"उद्या काटा हाय ना, मॅडम." उद्या बाजार आहे, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात तिने सांगितलं. "शनवारी खिचडी खाल्ली असती तेवढीच. पण ही शाळंतच आली न्हाई. मग म्या बी काही दिलं न्हाई. पानी बी बेतानंच. घोट दोन घोट."

कालिंदीने फळीवरून पाकिटं खाली घेतली. "शुक्रवारपासून हिला जुलाब होतायत आणि तुम्ही पाणी देत नाही?"

"तसं न्हाई, मॅडम. मी काय सावत्र हाय का तिची?" रुक्माबाईने सूप खाली ठेवलं. "दर महिन्याला शनवार दुपारपासून उपाशी ठेवावं लागतं, रडतंय लेकरू, माझं बी काळीज तुटतंय. ह्या बारीला जुलाब लागले ते एका परीनं बरंच झालं. वजन आपसूक उतरलं. तकलीफ एकदाच."

कालिंदीने आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं. कुपोषणावरचे अहवाल, तक्ते, कारणांच्या याद्या. अडाणीपणा, अस्वच्छता, अंधश्रद्धा. त्यातलं एकही कारण या घरात नव्हतं. इथे तिची स्वतःची रेघ होती.

"दर महिन्याला?" तिने विचारलं. "किती घरं?"

"समदेच करून राहिले. आदी कुनाला ठाऊक नव्हतं. आक्टोबरात मुंजाजीच्या पोराची दांडी वर गेली अन् नाव कटलं. पोरगं आठ दिवस घुगऱ्यांच्या वक्ताला शाळंमागं जाऊन बसायचं. तवा समद्यांनी हिशेब केला." रुक्माबाईने बोटं मोडत दाखवलं. "दीड दिवस उपाशी ठेवलं तर महिनाभर सकाळी पोटात अन्न जातंय. न्हाई ठेवलं तर महिनाभर दुपारपोतर उपाशी. तुमी शिकलेल्या हाय. तुमीच सांगा, काय बराबर?"

हिशेब बरोबर होता. कालिंदीच्या वर्गातल्या कुणी तो फळ्यावर असा मांडला असता तर तिने शाबासकी दिली असती.

तिने पाकीट फोडलं. चुलीवरच्या पातेल्यात कालचं उकळलेलं पाणी झाकून ठेवलेलं होतं. म्हणजे सपनाने आपलं काम केलं होतं. तिने पाणी तांब्यात ओतलं, पूड ढवळली, वाटी भरली आणि साक्षीच्या मानेखाली हात घातला. तेवढ्यात रुक्माबाईचा हात मध्ये आला. रानातला, कणखर, विळ्याच्या खुणा पडलेला. तो वाटीवर झाकणासारखा बसला.

"मॅडम, एक रात काढू द्या. उद्या काटा झाला की हंडाभर पाजते."

"ही पोर एक रात्र नाही काढणार."

"पाजलं अन् नाव कटलं तर? होळीपोतर तिला सकाळचं कोन दील? मी पाचाला जाते रानात."

"नाव नाही काढणार."

"असं म्हन्ता. उद्या दांडी वर गेली की लाल पेनानं खोडता. मी बगते ना तिथं उभी राहून." रुक्माबाई चिडलेली नव्हती. तिचा विश्वास नव्हता, एवढंच. "लिहून द्या."

"काय?"

"लिहून द्या तसं. कागदावर. सही करून."

कालिंदीने पिशवीतून वही काढली. मांडीवर ठेवून लिहिलं: 'साक्षी भीमराज, इयत्ता दुसरी, हिचं वजन कितीही झालं तरी हिचा सकाळचा नाश्ता बंद होणार नाही.' खाली सही केली, तारीख घातली. तिला असं लिहायचा काडीचाही अधिकार नव्हता. चाळीसाची मर्यादा विष्णुपंतांची होती, मुख्याध्यापक दुसरेच होते. तिने पान फाडलं.

"सपने, वाच," रुक्माबाई म्हणाली. हात अजून वाटीवरच होता.

सपनाने दारात उभं राहून, ठेच्याचं बोट फ्रॉकला पुसून, एकेक शब्द वाचला. "कितीही झालं तरी" हे रुक्माबाईने दोनदा वाचायला लावलं. मग तिने हात काढला.

साक्षीने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मग वाटीची कड दातांत धरून ठेवली. कालिंदीने चमच्याने पाजायला सुरुवात केली. एक चमचा, मनात दहा आकडे, पुन्हा एक चमचा.

तिसऱ्या वाटीला दारातला उजेड कमी झाला. तिने मान वळवली. दारात पाच-सहा बाया उभ्या होत्या, काखेत आणि बोटाला लेकरं. सपनाने गल्लीभर सांगितलं होतं.

"मॅडम, आमाला बी लिहून द्या."

"आमच्या प्रमोदला अगुदर. तो कालपासून भिंत चाटून राहिला."

"रांगेत या गं, हितं काय रेशन हाय का!"

"रेशनला तरी रोज कुटं भेटतंय!"

एक हसली आणि दुसऱ्या क्षणी तिनेच पदर तोंडाला लावला.

कालिंदी लिहीत गेली. एका हाताने चमचा, एका हाताने पेन. नाव, इयत्ता, वजन कितीही झालं तरी. प्रत्येक चिठ्ठी सपना वाचायची, आणि वाचून झाली की त्या घरातलं लेकरू उठून माठाकडे जायचं. शेजारच्या घरांतून तवे तापल्याचा वास यायला लागला. अकरा चिठ्ठ्या झाल्या, अठरा झाल्या. मग तांड्याकडून भावसिंग नावाच्या एकाची बायको लेकरं घेऊन आली, तिच्यामागे आणखी तिघी. शेवटी एक बाई आली, तिच्याबरोबरचं पोरगं यादीतलं नव्हतं.

"ह्याचं नाव कदी आलंच न्हाई, मॅडम. दोन बोटं जास्त भरतंय म्हनून. पन भूक तर तेवढीच लागती. ह्याचं बी लिवा."

कालिंदीने तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. लिहिलं. त्यानंतर तिने कोण यादीतलं आणि कोण नाही हे विचारणं सोडून दिलं.

चार वाजता साक्षीला लघवी झाली. पुस्तकात हे शरीरातलं पाणी सावरल्याचं लक्षण म्हणून एका ओळीत दिलेलं असतं. कालिंदी ओसरीवर जाऊन बसली.

सोमवारी ती पहिल्या जीपने आली. खिचडी आणि घुगऱ्या शिजवणारी जिवनबाई भिजलेले हरभरे उपसत होती. कालिंदीने तिला सगळं सांगितलं. जिवनबाईचे हात थांबले नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुमालाच ठाऊक हाय," जिवनबाई म्हणाली. "काटा रिकाम्या पोटी घ्यायचा म्हनून तुमीच तर सांगितलं व्हतं. मी म्हनलं, शिकल्या-सवरलेल्या बाई हायेत, त्यांची काहीतरी रीत आसंल."

मुख्याध्यापक किसनसिंग राठोड यांच्या टेबलावर साडेनऊपर्यंत नऊ चिठ्ठ्या जमल्या. लेकरं आली तशी ती दाखवायला थेट ऑफिसात शिरत होती.

"मॅडम, हे काय हाय?" राठोड सर एक चिठ्ठी उजेडाला धरून म्हणाले. "तहसीलदारांनी तुमाला चार्ज दिला का? सही, तारीख! शिक्का तेवढा राहिला."

"एकसष्ट लिहून दिल्यात, सर."

सरांनी चिठ्ठी खाली ठेवली. मग कालिंदीने सांगितलं. शुक्रवारचे आकडे, रविवारची गल्ली, वाटीवरचा हात. तिने काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. राठोड सर सत्तावीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"माझी दोन नातवंडं हायेत तुमच्या यादीत," ते म्हणाले. "तांड्यावरची. सून म्हनत व्हती, ऐतवारी त्यांना भूकच लागत न्हाई."

"आजपासून यादी नाही," कालिंदी म्हणाली. "सगळ्या एकशे बत्तीस जणांना."

"चाळीसाचे हरभरे हायेत. मूठ मूठ येतील वाट्याला. त्यानं काय पोट भरनार?"

"नाही भरणार. पण कुणी मुद्दाम उपाशी ठेवणार नाही."

"अन् विष्णुपंत? त्यांना काय सांगनार?"

"जे झालं ते. आलेख घेऊन जाईन आणि शुक्रवारचे आकडे. बंद करायचं म्हणाले तर ते त्यांनी इथे येऊन या बायांना सांगावं."

दारातून जिवनबाई म्हणाली, "ज्वारीच्या कण्या टाकल्या हरभऱ्यात, तर पुरतंय समद्यांना. घरटी मूठभर कण्यांना कोन बी न्हाई म्हननार न्हाई. आजच्या मी आनल्यात माझ्या घरून." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "पन मॅडम, भाईर जाऊन बगा अगुदर."

बाहेर रांग लागली होती. कुणी लावली नव्हती, आपोआप लागली होती, काट्यापुढे. व्हरांड्याच्या कडेला आया नेहमीसारख्या उभ्या होत्या. पातेलं उघडं होतं, वाफ येत होती, आणि एकही लेकरू त्या बाजूला बघत नव्हतं.

"आज आधी खायचं," कालिंदी मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांनी."

कुणी हललं नाही. तिसरीतला प्रमोद, चिठ्ठी खिशात असलेला, पुढे झाला. "मग काटा?"

"खाऊन झाल्यावर."

"खाऊन?" प्रमोदने मागे वळून आईकडे पाहिलं. आईने भुवई किंचित वर केली. नको, थांब. चिठ्ठी असली म्हणून काय झालं. चार महिन्यांची शिकवण कालच्या एका कागदाने जाणार नव्हती.

राठोड सर पायऱ्या उतरून आले. स्वतःच्या दोन्ही नातवंडांना त्यांनी बखोटीला धरून पातेल्यापाशी बसवलं, समोर वाट्या ठेवल्या आणि पहिला घास आपल्या हाताने भरवला. मग सपना जाऊन बसली, जिला या शाळेत सकाळी कधीच काही मिळालं नव्हतं. तिने खाल्लं. मग एक, मग चार. मग पातेल्यापाशी अशी झुंबड उडाली की जिवनबाईला पळी उगारावी लागली.

रुक्माबाई उशिरा आली. साक्षी तिच्या कडेवर होती, मान खांद्यावर टाकलेली, पण डोळे उघडे. रानातलं काम बुडवून ती आली होती. तिने नातीला खाली बसवलं, समोर बसून अर्धी वाटी मऊ कण्या भरवल्या, पाणी पाजलं. मग उठून तिने साक्षीला काट्याच्या फळीवर उभं केलं आणि दोन पावलं मागे सरली. कालिंदीचं कागदावरचं वचन तिला आता दांडीवर बघायचं होतं.

सरकतं वजन सतरावर होतं. दांडी पडून राहिली. कालिंदीने वजन मागे घेतलं. सोळा आठशे, सोळा पाचशे, सोळा, पंधरा नऊशे. पंधरा सहाशेवर दांडी अलगद तरंगली. शुक्रवारपासून जवळजवळ दोन किलो. तीन दिवसांत एवढं पाणी आणि मांस या अंगातून गेलं होतं. कालिंदीने आकडा लिहिला, आणि तिला पुढचं नाव दिसेना.

"कमी हाय," रुक्माबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग तिने कालिंदीकडे पाहिलं आणि ती सुटका तिथेच विरली.

"पुढचा," कालिंदी म्हणाली.

प्रमोद फळीवर चढला. भरल्या पोटाचा, ओठांना कण्या चिकटलेला. त्याचा आकडा अठरा. दांडी टक्‌कन वर गेली. व्हरांड्यातून प्रमोदची आई, कालिंदी काही बोलायच्या आत, धावत आली. तिने पोराला फळीवरून ओढून कडेवर घेतलं, आठ वर्षांच्या घोड्याला, आणि ती तशीच पाठमोरी उभी राहिली.

"परत ठेवा त्याला," कालिंदी हळूच म्हणाली.

ती बाई वळेना.

"अठरा किलो सहाशे असेल. मला नीट बघायचंय. परत ठेवा."

मग रुक्माबाई पुढे झाली. तिने प्रमोदला आईच्या कडेवरून सोडवून घेतलं आणि फळीवर उभं केलं. दांडी पुन्हा वर गेली. सगळ्या बाया कालिंदीच्या हाताकडे बघत होत्या, लाल पेन कुठून निघतं ते. कालिंदीने निळ्या पेनाने आकडा लिहिला, प्रमोदच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा. आणखी पाहिजे असेल तर जिवनबाईकडे माग."

तो आईकडे न बघता पळाला.